आतला पहारा

"मी दार ढकललं तेव्हा दादा वहिनीला…" एवढं बोलून ऋतिका थांबली, आणि नेमकी तेव्हाच भीमराजच्या पोटात डाव्या बाजूला कळ उठली. कळांचे प्रकार त्याला आता पाठ होते. एक नुसती घोंगावून जाणारी. एक बसून राहणारी, श्वास मोजला की सैल पडणारी. आणि तिसरी ही, जिच्यात फार वेळ नसतो. त्याची बोटं कीबोर्डवर तयार होती. साक्षीदार वाक्य पुरं करणार, न्यायाधीश मॅडम ते नीट लावून सांगणार आणि तो टाइप करणार, कोर्टाचा स्टेनो म्हणून हा त्याचा अठरा वर्षांचा क्रम होता. दिंडोशीच्या कोर्टात ही दहा वर्षं, त्याआधी आठ वर्षं दुसरीकडे. पिंजऱ्यातली मुलगी एकोणीस वर्षांची असेल. तिची वहिनी चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडली होती. पडली की ढकलली, एवढाच खटल्याचा प्रश्न होता, आणि आरोपी म्हणून मागे उभा होता तो हिचा सख्खा भाऊ. मुलीचे ओठ पुढच्या शब्दासाठी उघडलेले भीमराजला दिसत होते. तो उठला. "मॅडम, एक मिनिट," म्हणाला. न्यायाधीश मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. कोणीतरी मागच्या बाकावर फिसकन हसलं. अठरा वर्षांत चालू साक्षीतून तो कधी उठला नव्हता. कॉरिडॉरच्या टोकाच्या संडासापर्यंत ब्याऐंशी पावलं होती, तीही त्याला पाठ होती. त्यानं दाराची कडी लावली. मग रक्त. किती दिवसांनी इतकं, याचा हिशेब करायची हिंमत झाली नाही. तो परतला तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं सरली होती. मॅडम दुसरी फाइल वाचत होत्या, सरकारी वकील बाहेरून मोबाइल खिशात घालत येत होते, आणि ऋतिकाच्या हातात हिरव्या झाकणाची पाण्याची बाटली होती. ही बाटली मघाशी तिसऱ्या बाकावर बसलेल्या तिच्या मामाच्या मांडीवर होती. भीमराजची खुर्ची लोकांकडे तोंड करून असते. त्याला नको असलं तरी सगळं दिसतं. मॅडम म्हणाल्या, "हं, सांग बाळ. दार ढकललंस. मग?" मुलीनं बाटलीचं झाकण घट्ट पिळलं. "मला आठवत नाही." मॅडमनी आणखी दोनदा विचारलं, वेगवेगळ्या शब्दांत. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि सांगू लागल्या. भीमराजनं टाइप केलं: मला आठवत नाही. तीन शब्द. एकही चूक नाही.

घरी जायला तो बसनं निघाला. गोरेगावहून भांडुपपर्यंतचा रस्ता इतरांना सिग्नलांनी आणि मेट्रोच्या खांबांनी ठाऊक असतो. भीमराजला तो संडासांनी ठाऊक होता. आरेच्या तोंडाशी एक, बरा. सीप्झच्या पुढे एक, पण दुपारनंतर त्याला कुलूप. पवईला एका उडप्याच्या हॉटेलात मालक ओळखीचा झाला होता. एक इडली मागवली की तो काही बोलत नसे, आणि ती इडली भीमराज कधी खात नसे. चार वर्षांत हा नकाशा हळूहळू तयार झाला होता. सुरुवातीला मूळव्याध वाटली. मग तपासणी, दुर्बीण, आणि एक लांबलचक नाव: अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याला आतून सूज, जखमा. बरा होत नाही, दबून राहतो. घरात बायकोला, माधुरीला, सगळं माहीत होतं. आईला "पोट नाजूक आहे" इतकंच. ऑफिसात कोणालाच नाही. पोटाचा आजार म्हणजे लोकांना हसू येतं. हृदयाचा असता तर त्यांनी खुर्ची पुढे केली असती. रोज सकाळी चार गोळ्या, सोनेरी वेष्टनाच्या, मोठ्या. त्या गोळ्यांनी दोन वर्षं बरी काढली. इतकी बरी, की आपण आजारी आहोत याची त्या गोळ्याच आठवण करून देतात, असं त्याला वाटू लागलं होतं. आणि मग बेंच क्लार्क नितेशनं ती पुडकी आणली. नितेश मालवणकडचा, मनाचा मोकळा. त्याच्या मावसभावाला जुलाबाचा त्रास होता, तो त्या पुडक्यांनी बरा झाला होता. "घेऊन बघ मेल्या, औषध नाय ता. चांगले जंतू असत. दह्यात असतत तसे, पण करोडोंनी." भीमराजच्या नेमक्या आजाराबद्दल नितेशला काही ठाऊक नव्हतं, त्याला एवढंच दिसत होतं की हा डबा अर्धा परत नेतो. भीमराजनं पुडकी घेतली. मोबाइलवर वाचलं. वाचता वाचता एक शब्द मनात रुतला: नैसर्गिक. पहिला आठवडा गोळ्या आणि पुडकं दोन्ही. दुसऱ्या आठवड्यात गोळ्या दोन. तिसऱ्यापासून नुसतं पुडकं, आणि गोळ्यांची पाकिटं कपाटात जुन्या डायऱ्यांच्या मागे. कोणालाही न सांगता. तसे सात आठवडे गेले. सुरुवातीला छान वाटलं, हे खोटं नव्हतं. पोट हलकं होतं. सकाळी गोळ्या न घेता घराबाहेर पडताना तो इतरांसारखा माणूस झाल्यासारखा चालत असे. बस पवईला थांबली. आता त्याला उतरावंसं वाटत नव्हतं, पण उतरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो मुलुंडला डॉक्टरांकडे गेला. डॉ. प्रांजल पस्तिशीतली, भराभर बोलणारी बाई. तिनं पोट दाबून पाहिलं, रक्ताचे कागद पाहिले आणि पेन खाली ठेवलं. "गोळ्या कधी बंद केल्या?" त्यानं सांगितलं नव्हतं, तरी तिनं विचारलं. "सात आठवडे झाले." ती रागावली नाही. तिनं रागवायला हवं होतं, असं त्याला वाटलं. "आणि त्याऐवजी?" त्यानं खिशातून पुडकं काढलं. तिनं ते उलटंपालटं करून वाचलं. "हे वाईट नाहीये, भीमराज. हे मीसुद्धा काही पेशंटना देते. गोळ्यांच्या सोबत. गोळ्यांच्या जागी नाही." मग तिनं प्रिस्क्रिप्शनच्या मागे एक रेघ ओढली. ही आतड्याची भिंत, म्हणाली. भिंतीच्या अलीकडे अब्जावधी जंतू, आपलेच, जन्मल्यापासूनचे भाडेकरू. पलीकडे आपल्या रोगप्रतिकारक पेशी, पहाऱ्यावर. निरोगी माणसात त्या पेशी ह्या जंतूंना ओळखतात, सोडून देतात. सोडून देणं हेही त्यांना शिकावं लागतं. चांगले जंतू कोंडा, भाज्यांचा चोथा खाऊन एक आम्ल तयार करतात; त्यावर भिंतीच्या पेशी जगतात, भिंत घट्ट राहते, आणि पलीकडच्या पहाऱ्यातल्या ज्या शांत करणाऱ्या पेशी आहेत त्या वाढतात. "तुमच्यात हे बिघडलंय. तुमचा पहारा घरच्याच माणसांना चोर समजून मारतोय. आणि मारामारीत भिंत फुटते, भिंत फुटली की आणखी जंतू आत, की आणखी मारामारी." भीमराजनं विचारलं, "मग चांगले जंतू पाठवले तर पहारा शांत व्हायला नको?" "प्रयोगशाळेत होतो. उंदरांत होतो. माणसांत थोडा होतो, आजार सौम्य असेल तर, काही ठरावीक मिश्रणांनी. पण पहारेकरी लाठी चालवत असताना तुम्ही नुसते पाहुणे पाठवलेत. आधी लाठी खाली ठेवायला लावायची. ते काम गोळ्या करत होत्या." तिनं स्टेरॉइड लिहून दिलं. आठवड्यात उतार पडला नाही तर शिरेतून द्यायचं एक मोठं इंजेक्शन. त्याआधी छातीचा फोटो, टीबीची तपासणी, कारण ते पहाराच थंड पाडतं. "आणि तेव्हा हे पुडकं पूर्ण बंद. पहारा झोपलेला असताना बाहेरून जिवंत जंतू घ्यायचे तर मला विचारून. कळलं?" तो मान हलवत होता. लाठी ह्या शब्दापाशी मात्र तो कधीचाच थांबला होता.

त्याचे वडील धोंडिराम भांडुपच्या एका कारखान्यात पहारेकरी होते. जालन्याकडून आलेला माणूस, खाकी सदरा, हातात तेल पाजलेली काठी. भीमराज सात-आठ वर्षांचा असताना डबा घेऊन संध्याकाळी फाटकाशी जायचा. एकदा असाच गेला असताना कुंपणाच्या कडेनं एक माणूस आत वाकून पाहत होता. डोक्याला मुंडासं, काखेत बोचकं. धोंडिरामनं एकदा हटकलं. त्या माणसाला ऐकू गेलं नाही, की तो गडबडला. तो कुंपणातून आत शिरला. काठी बसली खांद्यावर. एकच, पण पुरी. खाली बसलेला माणूस "दादा" म्हणाला, तेव्हा कळलं की हा गावाहून आलेला भाऊराव काका आहे, सख्खा भाऊ, मुंबईत पहिल्यांदाच आलेला, पत्ता शोधत. बोचक्यातून ज्वारीचं पीठ सांडलं होतं. भाऊरावचा तो खांदा पुढे कायम वर राहिला, लग्नातल्या फोटोतही. धोंडिराम त्याच्याशी नेहमी चांगलं वागले, मुलांची शिक्षणं पाहिली, सगळं केलं. पण माझं चुकलं, असं एकदाही म्हणाले नाहीत. विषय निघाला की म्हणायचे, "माझं काम होतं ते." मरेपर्यंत. मुलुंड ते भांडुप रिक्षातून येताना भीमराजला कळेना, आपल्याला हे आता का आठवावं. त्याला वडिलांचा राग येत नव्हता. त्याला त्या वाक्याची भीती वाटत होती. कारण कालपासून तोही मनात तेच घोकत होता: साक्षीदार काय बोलतो ते पाहणं माझं काम नाही. मॅडम सांगतात ते टाइप करणं माझं काम. बाटली कोणी दिली, कधी दिली, हे कागदावर येत नाही. पोट कोणाचंही बिघडू शकतं. पण ते नुसतं बिघडलं नव्हतं. त्यानं बिघडू दिलं होतं, सात आठवडे, नैसर्गिक ह्या एका शब्दाच्या नादानं. त्या सात आठवड्यांतून ती सात मिनिटं निघाली होती, आणि त्या सात मिनिटांत एका मुलीच्या तोंडातलं वाक्य कोणीतरी परत आत ढकललं होतं.

घरी आईनं, शांताबाईंनी, आंबील करून ठेवली होती. ज्वारीचं पीठ ताकात आंबवायचं, सकाळी शिजवायचं, वर लसूण आणि मीठ. "भीमा, अर्धी वाटी तर घे. पोटाला थंड आहे." तो घोट घोट पीत राहिला. डॉ. प्रांजलला त्यानं हेही विचारलं होतं; ती हसली होती. "आईंना सांगा, शिजवली की त्यातले जंतू मरतात. पण हलकी आहे, द्या म्हणावं." हे त्यानं आईला सांगितलं नाही. माधुरी शाळेतून आली, कपाट उघडलं आणि काही शोधता शोधता डायऱ्यांमागची पाकिटं तिच्या हाती लागली. ती मराठी शाळेत पाचवीला शिकवते. मुलं खोटं बोलतात तेव्हा ती गप्प राहते, तशी गप्प राहिली. मग पाकिटं टेबलावर ओळीनं मांडली. "सात आठवड्यांच्या आहेत," तो म्हणाला. "ते मोजता येतं मला," ती म्हणाली. "मला का नाही सांगितलंस रे?" खरं उत्तर इतकं बावळट होतं की ते बायकोसमोरही उच्चारवेना: मला काही दिवस बरा माणूस म्हणून राहायचं होतं. तो उठून पुन्हा संडासात गेला. नळ सोडून ठेवला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. चार वर्षं तो हेच करत आला होता, पाणी वाया घालवत आला होता. आत बसल्या बसल्या त्याला त्या मुलीचं पिळलेलं झाकण दिसत होतं. बाटली उघडलेलीच नव्हती. तिला तहान नव्हती.

रजा संपवून तो कामावर गेला. स्टेरॉइडनं तोंड सुजलं होतं, बोटं मात्र चांगली चालत होती. रोजनाम्यात ऋतिकाच्या नावापुढे 'साक्षीदार फितूर' असं आलं होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत नितेश डबा घेऊन समोर बसला. "पुडी घेतंस मां?" "बंद केली." "कित्या? गुण नाय येवक?" भीमराजनं त्याच्याकडे पाहिलं. ह्या माणसानं चांगल्या मनानं आणून दिलं होतं. "नितेश, मला कोलायटिस आहे. चार वर्षं. त्या दिवशी मी उठलो ते त्याच्यामुळे. गोळ्या मी माझ्या मनानं बंद केल्या होत्या, तुझा काही दोष नाही." हे सगळं एका दमात निघालं. नितेशचा घास हातातच राहिला. "अरे मग बोलायचंस ना! मी काय हसलो असतो?" मग, प्रामाणिकपणे, तो म्हणाला, "हसलो असतो कदाचित. पहिल्यांदा." भीमराजनं विचारलं, "मी बाहेर होतो तेव्हा तू कुठे होतास?" "सरकारी वकिलांना शोधायला गेलो होतो. दारावर हवालदार होता." "त्या मुलीला पाणी कोणी दिलं?" नितेशनं डबा बंद केला. "भीम्या, ह्यात तू पडू नकोस." भीमराज उठला. पोटात काही नव्हतं, कळ नव्हती. नुसतं पायांना बसवत नव्हतं.

मॅडम चेंबरमध्ये चहा पीत होत्या. त्यानं दार ठोठावलं. काय सांगायचं ते त्यानं बसमध्ये तीन वेळा मनात टाइप केलं होतं, नीट परिच्छेद पाडून. प्रत्यक्षात तो म्हणाला, "मॅडम, सोमवारी मी संडासला गेलो होतो." मॅडमनी कप खाली ठेवला. मग त्याला थांबता येईना. आजाराचं नाव, गोळ्या, पुडकं, रक्त, ब्याऐंशी पावलं. आणि बाटली: जाताना मामाच्या मांडीवर, येताना मुलीच्या हातात, मध्ये सात मिनिटं. "बाटली देताना मी कोणाला पाहिलं नाही. जे दिसलं तेवढंच सांगतो." मॅडमनी कप आणखी बाजूला सारला. "माझ्यासमोर घडलं असणार," त्या म्हणाल्या. "मी फाइल वाचत होते." त्यांनी हे ज्या आवाजात म्हटलं तो आवाज भीमराजनं त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "तुम्हाला कळतंय ना, हे आता माझ्या आणि तुमच्यात राहणार नाही? मला दोन्ही बाजूंना सांगावं लागेल. तुम्हाला लेखी द्यावं लागेल. कुठे गेला होता, का गेला होता, सगळं." "हो." "बचावाचे वकील तुमच्या आजारावर बोलतील. भर कोर्टात." "बोलू दे, मॅडम." "आणि कदाचित त्या मुलीला खरंच आठवत नसेल." त्याला हेही रोज वाटत होतं. "असेलही," तो म्हणाला. "पण ते तिनं न घाबरता सांगावं." बाहेर येऊन त्यानं कागद लावला आणि स्वतःचा जबाब स्वतःच टाइप केला. आजारपणाच्या ओळीवर बोटं अडली. मग त्यानं पूर्ण नाव लिहिलं, संक्षेप न करता. त्यात पहिल्यांदाच दोन चुका झाल्या.

त्या सात मिनिटांत मुलीचा मामा बाकावरून उठल्याचं दारावरच्या हवालदारानं सांगितलं. सरकारी वकिलांनी साक्षीदाराला परत बोलावण्याचा अर्ज दिला. बचावाचे वकील बोलायचं ते बोललेच: "स्टेनोच्या पोटावर खटले चालवायचे का आता?" लोक हसले. भीमराज ते वाक्य टाइप करायची वाट पाहत राहिला, पण मॅडमनी ते लिहून घ्यायला सांगितलं नाही. अर्ज मंजूर झाला, तीन आठवड्यांनंतरची तारीख पडली. त्या तीन आठवड्यांत स्टेरॉइडनं आजार उतरला आणि पुन्हा चढला. वजन सहा किलो गेलं. डॉ. प्रांजलनं शिरेतल्या इंजेक्शनची तारीख दिली आणि ती नेमकी साक्षीचीच निघाली. "पुढे ढकलता येईल?" त्यानं विचारलं. "आतड्याला विचारा," ती म्हणाली. सोबत आलेल्या माधुरीनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानं तारीख लिहून घेतली.

तेव्हा ऋतिका दुसऱ्यांदा पिंजऱ्यात उभी राहिली त्या सकाळी भीमराज मुलुंडच्या एका वॉर्डात आरामखुर्चीत होता. डाव्या हातात सुई, वर औषधाची पिशवी. माधुरीच्या शाळेत परीक्षा होती, म्हणून सोबत शांताबाई आल्या होत्या, पिशवीत पाण्याची बाटली, रुमाल आणि एक जुना स्वेटर घेऊन. थेंब इतके सावकाश पडत होते की त्याला उठून पिशवी दाबावीशी वाटत होती. अकरा वाजले. आता पुकारा झाला असेल. साडेअकरा. आपल्या जागी कोण बसलंय? ती मुलगी त्या खुर्चीकडे पाहील आणि तिथे दुसराच माणूस दिसेल. ती बिचकेल. तो तिथे असायला हवा होता. त्यानं पाय हलवले, सुई ओढली गेली, नर्स ओरडली. "काय करायलास?" शांताबाई म्हणाल्या. "जरा नीट बस की." त्याला नीट बसता येत नव्हतं. शरीरात काहीतरी थंड शिरत होतं, पहारा निजवणारं, आणि डोकं मात्र टक्क जागं होतं. पावणेदोनला नितेशचा फोन आला. "बोलली रे," तो म्हणाला. "सगळां बोलली. दीड तास. मॅडमनी नातेवाइकांना बाहेर बसवलं होतं. रडली, थांबली, परत बोलली. वकिलानं उलटंपालटं करून विचारलं, हलली नाही." भीमराजनं फोन कानाला आणखी दाबला. "आणि ऐक, तुझ्या जागी ती नवी आलेली ना, तिनं काना-मात्रे खाल्लेत निम्मे. मॅडम वैतागल्यात. तू कधी येतोस?" "डॉक्टरांना विचारतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला. ती त्याच्याविना बोलली होती. त्याच्या खुर्चीकडे तिनं पाहिलंही नसेल. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच्याखाली कुठेतरी बारीकसं दुखलंही. ते कशाचं, हे त्याला नीट ओळखता येईना. तो डोळे पुसतोय हे शांताबाईंना दिसलं.

"कुणाचा फोन? कोण बोलली?"

"एक मुलगी आहे, आई. कोर्टातली." काय आणि कुठून सांगावं याची जुळवाजुळव तो करू लागला. चार वर्षांचं सांगायचं होतं, सात आठवड्यांचं, सात मिनिटांचं. आणि तेवढ्यात कळ आली. तिसऱ्या प्रकारची. वॉर्डात सहा पेशंट होते, त्यांचे नातेवाईक होते, दारात वॉर्डबॉय गप्पा मारत होता. भीमराज सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला, "आई, मला संडासला जायचंय. आत्ता."

शांताबाई उठल्या. त्यांनी एका हातानं सलाइनचा स्टँड धरला, दुसऱ्या हातानं त्याचा दंड.

"चल," त्या म्हणाल्या. "चालता चालता सांग."